आता बरे आहे, मग गोळ्या कशाला?

ब्लाउजचे माप द्यायला आलेल्या बायका, लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक आणि ज्यांच्या घरात हा आजार नव्याने शिरला आहे अशी अनोळखी माणसे, सगळी मला एकच प्रश्न विचारतात. आमच्या अमळनेरच्या बाजूला तो अहिराणीत असा येतो : “आते बरं शे ना तुले, मंग गोया कसाले खास?” मला स्किझोफ्रेनिया आहे, तो बाविसाव्या वर्षी सुरू झाला आणि आता मी पन्नाशीला टेकले आहे, हे मी कुणापासून लपवत नाही, त्यामुळे विचारणाऱ्यांनाही संकोच वाटत नाही. विचारण्यात बहुतेक वेळा मायाच असते. परंतु उंबऱ्यात उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचेच समाधान होत नाही, म्हणून ते एकदा सविस्तर लिहीत आहे.

मी बरी आहे ती गोळ्या घेऊन बरी आहे. सकाळी वेळेवर उठते, मशीनवर बसते, साड्यांना फॉल-पिको करून सांगितलेल्या दिवशी देते, वहिनीशी भांडण झाले तर संध्याकाळपर्यंत पुन्हा बोलते, भाच्याची विचारपूस करते. माझ्या लेखी बरे असणे ते हे. रात्रीच्या जेवणानंतरची गोळी त्या दिवसाचाच एक भाग आहे, आणि ती सुटेल त्या दिवसाची वाट पाहत मी जगत नाही.

हे मत कसे बनले ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. शेजारच्या बायका भिंतीपलीकडून माझ्याविषयी बोलत आहेत असे मला ऐकू येऊ लागले आणि पुढे रेडिओवरच्या बातम्यांतही काहीतरी मलाच उद्देशून आहे अशी खात्री पटली. झोप उडाली. जेवणात काही कालवले आहे या संशयाने मी ताट बाजूला सारू लागले. घरच्यांनी आधी भगत पाहिला, मग एका दर्ग्यावर नेले आणि शेवटी गावातल्याच एका डॉक्टरांनी धुळ्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्यांनी काही आठवड्यांत आवाज मागे सरले. पुढच्या वर्षी मला पाहायला पाहुणे येणार होते, तेव्हा घरात गोळ्यांचे पाकीट दिसायला नको असे वडीलधाऱ्यांनी ठरवले. कुणाच्याही मनात वाईट नव्हते. गोळ्या थांबल्या आणि त्यानंतरचे काही महिने मी फार छान होते. गुंगी उतरली, हाताची थरथर थांबली, चेहऱ्यावर तरतरी आली. सगळे म्हणाले, बघा, आजार कसला, गोळ्यांचीच बाधा होती.

या काही महिन्यांविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण हा प्रश्न तिथूनच जन्माला येतो. औषध बंद केल्यावर त्याचा त्रास काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो, पण आजार लगेच उलटतोच असे नाही. त्याला कधी काही आठवडे तर कधी अनेक महिने लागतात. मधल्या काळात रोगी खरोखरच अधिक मोकळा आणि ताजातवाना दिसतो. मग जेव्हा आवाज परत येतात तेव्हा त्यांचा संबंध इतक्या आधी बंद केलेल्या गोळीशी कुणी जोडत नाही. तो ताणाशी, दृष्ट लागण्याशी किंवा सोयरिकीच्या बोलण्यांशी जोडला जातो. माझ्या बाबतीत तेच झाले आणि दुसऱ्या वेळी सावरायला पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक काळ गेला. सोयरीक तर मोडलीच.

२०१२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्किझोफ्रेनियाच्या औषधांवरच्या ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात औषध चालू असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला, तर औषधाऐवजी नुसती नावापुरती गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते. या आकड्यांकडे मी दोन्ही बाजूंनी पाहते. औषध घेऊनही आजार उलटू शकतो, हे त्यात आहे. आणि औषध नसलेल्या तिघांपैकी एकाचा त्या वर्षात उलटत नाही, हेही आहे. ‘आमच्या ओळखीतल्या एकाने गोळ्या सोडल्या आणि तो आज ठणठणीत आहे,’ असा दाखला मला दिला जातो तेव्हा तो माणूस खोटा नसतो, तो त्या तिघांतला एक असतो. उरलेल्या दोघांचा दाखला कुणी देत नाही, कारण त्यांच्याविषयी घरात बोललेच जात नाही. पहिल्या झटक्यानंतर साधारणपणे एक ते दोन वर्षे तरी औषध चालू ठेवावे आणि आजार पुन्हा पुन्हा उलटला असेल तर अनेक वर्षे, असे डॉक्टर सांगतात. काहींचे औषध डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू उतरवत बंद करताही येते. ते कुणाचे करता येईल हे मात्र आधी सांगता येत नाही.

डॉक्टर समजावताना मधुमेहाचे उदाहरण देतात आणि ते मला अर्धेच पटते. साखर वाढली की रक्ताच्या तपासणीत कळते; स्किझोफ्रेनिया आहे की नाही, तो वाढतो आहे की नाही, हे दाखवणारी रक्ताची तपासणी नाही आणि तसे स्कॅनही नाही. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या कामात बिघाड होतो आणि १९५२ साली फ्रान्समध्ये मानसिक रोग्यांसाठी प्रथम वापरल्या गेलेल्या क्लोरप्रोमाझिनपासून पुढची बहुतेक औषधे त्या डोपामिनचा परिणाम आवरतात, एवढे कळले आहे. परंतु आज माझे कसे चालले आहे हे मोजायचे साधन मी स्वतः आणि माझ्या घरची माणसेच आहोत.

ते मोजणे कसे चालते याचा एक प्रसंग सांगते. उन्हाळ्यात आमच्याकडे कूलर रात्रभर चालतो. त्याच्या घरघरीत मला कधी कधी बायकांच्या बोलण्याचा सूर लागतो, आणि एखादा शब्द, बहुतेक वेळा माझे नाव, स्पष्ट वेगळा निघतो. हो, गोळ्या चालू असतानाही. मी उठते, कूलर बंद करते आणि थांबते. घरघरीबरोबर आवाजही थांबला तर पुन्हा कूलर लावून झोपते. थांबला नाही तर सकाळी वहिनीला विचारते, “वहिनी, रात्री कुणी हाक मारली होती का?” ती कणीक मळता मळता सांगते, “नाही बाई, कुणीच नाही,” आणि पुढे विचारते, “झोप झाली का?” तिचा हा दुसरा प्रश्न माझ्यासाठी फार मोलाचा आहे. सलग दोन-तीन रात्री झोप झाली नसेल, मी शेजारणींविषयी तिरकस बोलू लागले असेन किंवा टीव्हीवरच्या जाहिराती मलाच उद्देशून आहेत असे वाटू लागले असेल, तर ती भाऊला सांगते आणि भाऊ धुळ्याला फोन लावतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी माहेरी येणाऱ्या लेकींच्या साड्या आणि लग्नसराईचे ब्लाउज एकाच वेळी अंगावर येतात, तेव्हा रात्री दहानंतर मशीन बंद, हा नियम वहिनीने घातलेला आहे आणि गिऱ्हाईक रागावले तरी तो मोडत नाही.

गोळ्यांचा त्रास होत नाही असे मी कधीच म्हणणार नाही, आणि जे तसे म्हणतात त्यांच्यावर रोगी विश्वास ठेवत नाहीत. सुरुवातीच्या औषधाने हात इतका थरथरायचा की सुईत दोरा ओवायला भाच्याला हाक मारावी लागे. “फुई, आण इकडे,” म्हणत तो क्षणात ओवून द्यायचा. पाय एका जागी ठरत नसत. पुढचे औषध बदलले तेव्हा पाळी चुकू लागली. त्याच्या पुढच्याने भूक अशी वाढली की शेवभाजीबरोबर किती पोळ्या गेल्या याचे भान राहत नसे आणि वजनापाठोपाठ रक्तातली साखरही वाढली. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा लवकर जातात आणि त्यांतली बरीचशी हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी जातात. म्हणून वजन, रक्तदाब आणि साखर यांची तपासणी हा मी उपचाराचाच भाग धरते. थरथर, बेचैनी, पाळी यांतले काहीही सोसत बसू नये, डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते.

खानदेशातल्या उन्हाचे तर वेगळे सांगायलाच हवे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि या औषधांनी शरीराची उष्णता सांभाळण्याची ताकद कमी होते. थरथरीवर दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल घाम कमी करते, त्यामुळे ऊन आणखी बाधते. शेतात केळीचे घड वाहणारा किंवा भर दुपारी बांधकामावर राबणारा तरुण या गोळ्यांवर असेल तर त्याचे काम सकाळी लवकर आणि संध्याकाळी लावावे, पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. अंग ताठणे, खूप ताप आणि भ्रम एकत्र दिसले तर ऊन लागले असेल म्हणून घरी कांदा लावत बसू नये, त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

गोळ्या आवाज आवरतात, पण काही गोष्टी त्यांच्या आवाक्याबाहेर राहतात. उठावेसे न वाटणे, बोलावेसे न वाटणे, हातात घेतलेले काम मध्येच विस्कटणे हेही याच आजाराचे अंग आहे आणि आपल्याकडे त्याला सरसकट आळस म्हटले जाते. मशीनवर बसणे हा माझा त्यावरचा उपाय ठरला. घरातल्या बोलण्याचाही यात मोठा वाटा असतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या अभ्यासांत दिसले की ज्या घरात सतत टोचून बोलले जाते, राग धरला जातो किंवा काळजीपोटी श्वासही मोकळा घेऊ दिला जात नाही, तिथे परतलेल्या रोग्यांचा आजार अधिक वेळा उलटतो. आमच्या घरी ही तिन्ही रूपे एकेकाळी होती. आज नाहीत, आणि त्याचे श्रेय मी कोणत्याही गोळीला देत नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला एक हक्क फारच थोड्यांना माहीत आहे : पुढे कधी आपली निर्णयशक्ती हरपली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे प्रौढ माणसाला बऱ्या स्थितीत असतानाच लिहून ठेवता येते. मी माझ्या वतीने वहिनीचे नाव दिले आहे. ज्यांच्या जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नाही त्यांनी सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

राहिला प्रश्न गोळ्या कधी बंद होणार याचा. सध्या माझी मात्रा पूर्वीपेक्षा कमी आहे आणि ती आणखी थोडी उतरवून पाहावी असे डॉक्टरांच्या आणि माझ्याही मनात आहे. ऊन, आखाजी आणि लग्नसराई यांच्या धांदलीत ते करायचे नाही, असे आमचे ठरले आहे. पावसाळा लागून शिवणकाम थंडावले की धुळ्याला जायचे आहे. वहिनी सोबत येणार आहे, आणि या वर्षात झोप कधी कधी बिघडली ते तिने कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.