सीबीएस ते फोर्ट आणि परत नाशिकरोड: अपील प्रलंबित असताना जामीन

नाशिकच्या सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानक) सेशन कोर्टात शिक्षा लागली, आरोपी थेट नाशिकरोड जेलमध्ये गेला आणि आता हायकोर्टातून जामीन आणायचा आहे. बहुतेक घरचे लोक आधी मुंबईची तिकिटं काढतात. वेळ जातो तो मात्र नाशिकमध्येच, जाताना आणि परत आल्यावरही.

हायकोर्ट कोणतं ते आधी पाहा. नाशिक जिल्हा, मालेगाव-निफाडसह, मुंबईला जोडलेला आहे. शेजारचे धुळे आणि जळगाव छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्यासाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी खटला चालू असताना जामिनावर असेल, तर हायकोर्टापर्यंत धावायची घाई नसते. निकालाच्याच दिवशी त्याच कोर्टात अर्ज द्या; अपील दाखल करण्यापुरती शिक्षा तिथेच स्थगित होते. तो अर्ज वकिलांनी टाइप करून सोबत ठेवलेला असावा. निकाल ऐकल्यावर लिहायला बसलं, की संध्याकाळची जेलची गाडी निघून जाते.

त्याहून मोठी शिक्षा असेल तर पहिला मुक्काम कोर्टाचा नक्कल विभाग, म्हणजे खटल्याच्या कागदांच्या प्रती देणारा विभाग. निकालपत्राची एक प्रत आरोपीला त्याच दिवशी मोफत मिळते. साक्षीदारांच्या जबान्या, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, आरोपीचा जबाब यांच्या नकलांसाठी लगेच अर्ज टाका. अपिलाची मुदत 60 दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात. खरा अडथळा भाषांतराचा. जबान्या मराठीत असतात, हायकोर्टापुढे इंग्रजी लागतं, आणि हस्ताक्षरातली पुसट झेरॉक्स असेल तर ती पुन्हा टाइप करावी लागते. नकला हाती येतील तशा भाषांतराला द्या, गठ्ठा पूर्ण व्हायची वाट पाहू नका.

जेल रोडवरची दोन कामं एकाच फेरीत उरका: वकीलपत्रावर सही आणि आतापर्यंत भोगलेल्या शिक्षेचा दाखला. वकीलपत्रावर आरोपीची सही किंवा अंगठा असतो, जेलचा गोल शिक्का असतो, पण अधिकाऱ्याची सही राहून गेलेली असते. पाकीट घेऊन बाहेर पडण्याआधी उघडून पाहा. एवढ्यासाठी हायकोर्टाच्या मुंबईतल्या ऑफिसचं ऑब्जेक्शन, म्हणजे कागदांतल्या त्रुटीचा शेरा, येतं. दाखल्यात कच्च्या कैदेचे (निकालाआधी जेलमध्ये काढलेले) दिवसही धरलेत ना, तेही तपासा. वकील परवडत नसेल तर जेलमधूनच विधी सेवा समितीकडे अर्ज जातो. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

फोर्टचा, म्हणजे मुंबई हायकोर्टातला, टप्पा मुख्यतः वकिलांचा. आधी तात्पुरता स्टॅम्प नंबर पडतो, ऑब्जेक्शन दूर झाली की अपिलाचा पक्का नंबर, आणि जामिनासाठी त्यातच इंटरिम अ‍ॅप्लिकेशन, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 430 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 389). गुन्ह्यासाठी कायद्यात फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांची शिक्षा असेल तर सरकारी वकिलांना लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. पोक्सो किंवा अ‍ॅट्रॉसिटीत पीडितेलाही नोटीस जाते. ती बजावल्याचा पोलीस ठाण्याचा रिपोर्ट आला नाही म्हणून तारखा वाया जातात, तेव्हा पाठपुरावा ठाण्यात करा.

दोषी ठरल्यावर निर्दोषत्वाचं गृहीतक उरलेलं नसतं. कोर्ट पुराव्याची नव्याने छाननी करत नाही. निकालात उघड दिसणारी चूक आहे का, एवढंच बघतं. म्हणून पन्नास मुद्द्यांपेक्षा दोन ठळक मुद्दे बरे. खटल्याच्या काळात जामिनावर असताना अटी मोडल्या नाहीत, ही बाब वजनदार. अपील लवकर सुनावणीला येणार नसेल तर माणसाला आत ठेवणं न्याय्य नाही, हे काश्मिरा सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1977 मध्येच म्हटलंय. भोगलेल्या शिक्षेचा दाखला इथे कामी येतो. जन्मठेपेत मात्र कस लागतो. शिक्षा स्थगित झाली तरी दोषसिद्धी कायम राहते. सरकारी नोकरी किंवा निवडणुकीचा प्रश्न असेल तर तिच्या स्थगितीची मागणी वेगळी करावी लागते.

आदेश झाला म्हणजे सुटका झाली नाही. जामीनदार पुन्हा नाशिकच्या कोर्टात उभे करायचे असतात: सातबारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, फोटो, आणि कोर्टाने मागितल्यास तहसीलचा ऐपतीचा दाखला. हा दाखला मिळायला दिवस लागतात, म्हणून सुनावणीच्या आधीच त्याचा अर्ज टाका. वकिलांना सांगून चार-सहा आठवड्यांसाठी कॅश बेलची (जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून सुटण्याची) परवानगी त्याच आदेशात मागून घ्या. दंड भरायचा असेल तर पावती हाताशी ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी 2023 च्या निर्देशांनुसार आदेशाची प्रत ईमेलने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी जेल अधीक्षकांकडे जायला हवी, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायला हवं. अडलं तर थेट या सचिवांना भेटा.

सुटकेचा मेमो (कोर्टाचा सुटकेचा आदेश) संध्याकाळी कैद्यांना बराकीत बंद करण्याआधी जेलमध्ये पोहोचला पाहिजे, नाहीतर रात्र आतच. आणि दुसऱ्या एखाद्या केसचं वॉरंट जेलच्या नोंदीत पडून असेल तर मेमो वेळेत जाऊनही फाटक उघडत नाही. ही चौकशी वकीलपत्रावर सही घ्यायला जाल त्याच दिवशी करून ठेवा.