एका पानाला आठ महिने

"एका पानाचं पत्रक, त्याला आठ महिने?" घरचे विचारायचे, आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

सोलापुरातल्या एका रुग्णालयात मी समाजसेवा विभागात होते. माणूस दगावला की घरच्यांच्या हातात द्यायचं पत्रक माझ्याकडे आलं. पहिला मसुदा एका दुपारीच झाला. 'मृतकाच्या नातेवाइकांनी विहित मुदतीत नोंदणी करून घ्यावी.' व्याकरण चोख!

त्याच आठवड्यात एक डॉक्टर बाहेर आले, "पेशंट कोलॅप्स झाला, सॉरी," म्हणाले आणि निघून गेले. बाईच्या हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. मला म्हणाली, "मग आता सलाईन लावणार का?" मी हळूच म्हटलं, "मावशी, मालक गेले."

"कुठं गेले? आत्ता तर आत होते."

मसुदा फाडला. नव्या पत्रकाच्या पहिल्याच ओळीत 'वारले' आलं. देवाज्ञा, निधन, दुःखद घटना हे सगळं वर्तमानपत्राला ठीक आहे.

'विहित मुदत' गेली, '21 दिवसांच्या आत' आलं. दवाखान्यात वारले तर नोंदणीसाठी दवाखानाच कळवतो, घरी वारले तर घरच्या कर्त्या माणसाने कळवायचं. मृत्यूचं कारण लिहून द्यायला डॉक्टरांनी पैसे घ्यायचे नाहीत. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, हे ठळक केलं. कारण पेन्शनचं काम अडेपर्यंत कित्येकांना दाखल्याची आठवणच होत नाही.

खरा वेळ खाल्ला तो पुढच्या भागाने. मी 'दहनाचा पास' लिहिलं होतं. आमच्या वॉर्डातल्या लिंगायत आयाबाई म्हणाल्या, "बाई, आमच्यात पुरतात." सोलापुरात हे मला सुचू नये! मग 'अंत्यविधी' केलं. 'तेराव्याच्या आत कागद जमवा' हेही खोडलं, कारण बौद्ध घरात तेरावा नाही, पुण्यानुमोदन असतं. मुसलमान कुटुंबांचा पहिला प्रश्न एकच, मय्यत ताब्यात कधी मिळणार? दफन लवकर करायचं असतं. तो प्रश्न खरं तर सगळ्यांचाच, म्हणून त्याचं उत्तर सगळ्यात वर नेलं.

'विधवेने अर्ज करावा' याचं 'पत्नीने' केलं. एका साहेबांना फरक कळेना. 2022च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने नवरा गेला की बाईचं कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा त्या साहेबांचाच फोन आला, "तुमचं बरोबर होतं."

मग कन्नड, तेलुगू, उर्दू. प्रत्येक मसुदा आधी मोठ्याने वाचून घेतला, वॉर्डबॉयकडून, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून. जिथे तो अडखळला, तिथे मी खोडलं.

शेवटी अक्षर मोठं केलं. घाईत घरून निघालेल्या माणसाचा चष्मा खुंटीलाच राहिलेला असतो.