पेण ते भांडुप: मूर्ती शाबूत, साडेआठ हजार पाण्यात

आधीच सांगतो, ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाच्या दाबाला जोर देणारा डबा, गेला नव्हता. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा बेल्ट सैल पडला होता, बस. एवढं कळायला मला साडेआठ हजार रुपये, पाच तास आणि अख्खा घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड लागला.

गाडी वडिलांची, २००८ ची डिझेल पिकअप. गणपतीच्या मूर्ती आणायला पहाटे चारला भांडुप सोडलं, उजाडायला पेणजवळचं हमरापूर. जातानाचं लिहिण्यासारखं काही नाही, रिकामी गाडी कशीही पळते. पेंढा, गोणपाट, ताडपत्री हे मूर्ती आणणाऱ्याला शिकवायला नको. चोवीस मूर्ती भरल्या, त्यातल्या नऊ शाडूच्या.

खारपाड्याचा पूल ओलांडला आणि पाऊस कोसळला. बॉनेटमधून बारीक ‘चींऽऽ’ यायला लागलं. सोबतचा मंग्या म्हणाला, "दादा, बॅटरीचा दिवा लागलाय." मी म्हटलं, पाणी गेलं असेल. पळस्प्याच्या अलीकडे ब्रेक मारला तर पॅडल दगड! सीटवरून उठून दाबलं तेव्हा कुठे गाडी थांबली. भरीस भर म्हणून गिअरची दांडी ताकात फिरणाऱ्या रवीसारखी सैल. तिसरा शोधावा तर पहिला लागायचा.

पनवेल सोडल्यावर हायवेलगत एक गॅरेज दिसलं, तिथे घुसलो. हीच चूक. त्याने पॅडल एकदा दाबलं आणि निकाल दिला: "बूस्टर उडालाय, गिअरबॉक्स पण उतरवावा लागेल. एकोणीस हजार." गिअरबॉक्सला मी हात लावू दिला नाही. बूस्टर साडेआठ हजारांत ‘नवा’ बसवला. पैसे देताना त्यावरून अंगठा फिरवला तर काळा रंग अंगठ्याला आला आणि खाली गंजाचे जुने पापुद्रे दिसले. तेव्हाच भांडायला हवं होतं. पण तोवर दुपारचे तीन वाजले होते, मागे गणपती भिजत होते आणि भांडायला अंगात जीव नव्हता.

गंमत म्हणजे निघालो तोवर पाऊस थांबला होता, त्यामुळे ब्रेक छान लागले. वाशीपर्यंत मी त्या माणसाला मनातल्या मनात दुवा देत होतो. खाडीपुलाच्या मध्यावर पुन्हा सर आली आणि मानखुर्दच्या उतारावर पॅडल पुन्हा दगड. लिंक रोडला वर फ्लायओव्हर आहे, पण त्यावर बंद पडलो तर बाजूला घ्यायला जागा नाही, म्हणून खालून गेलो. खाली सिग्नल, रिक्षा, बेस्टच्या बसेस आणि कुठूनही रस्ता ओलांडणारी माणसं. दुसऱ्यात अडकलेली गाडी, दोन्ही पाय ब्रेकवर, मंग्याचा हात हँडब्रेकवर. गोवंडी ते छेडानगर पन्नास मिनिटं. ब्रेकची जरा जरी शंका असेल तर या रस्त्याला भरली गाडी घालू नका. मानखुर्दलाच थांबा, टोइंग बोलवा, काय चार पैसे जातील ते जातील.

छेडानगरला बाजूला घेऊन तात्यांना फोन लावला. भांडुपला गेली तीस वर्षं ते डिझेल गाड्या उघडतायत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे गाढवा, दिवा आणि ब्रेक एकाच वेळी गेले ना? मग दोघांना जोडणारं काय आहे ते बघ की!"

तर ऐका. डिझेल इंजिनात बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, आपोआप तयार होत नाही, त्याला वेगळा पंप लागतो. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये हा पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच असतो. बेल्ट ओला होऊन घसरला की चार्जिंगही कमी आणि व्हॅक्यूमही. ‘चींऽऽ’ आवाज, लाल दिवा, कडक पॅडल ही तिन्ही एकत्र आली की आधी बेल्ट. इंजिन बंद करून मधोमध अंगठ्याने दाबा. सेंटीमीटरभर दबला तर ठीक, माझा चांगला तीन बोटं आत गेला.

बूस्टर तपासायला पानासुद्धा लागत नाही. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा मारा, कडक होईल. तसंच दाबून धरून स्टार्ट मारा. पॅडल किंचित खाली बसलं तर मदत मिळतेय. नाही बसलं तर बेल्ट, पंप, रबरी पाइप, त्यावरचा एकतर्फी व्हॉल्व्ह आणि सगळ्यात शेवटी बूस्टर, याच क्रमाने बघा. पॅडल दाबून धरल्यावरही पायाशी फुसफुस येतच राहिली तर बूस्टरचा पडदा फाटल्याचा संशय घ्या. आणि उतारावर इंजिन कधीही बंद करू नका. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो.

गिअरचंही तसंच. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर दोष क्लचचा. दांडीच सैल झाली असेल तर खालच्या रॉडच्या सांध्यातले नायलॉनचे बुश झिजलेत. माझा एक बुश गळूनच पडला होता. छेडानगरच्या चिखलात गाडीखाली सरपटून मंग्याच्या स्लिपरचा पट्टा कापला, रॉडच्या भोकात कोंबला आणि बाइंडिंग वायरने आवळला. बेल्ट ताणला. त्यावर भांडुप गाठलं, टेंभीपाड्याची चढणसुद्धा चढलो. मंग्या एका पायात स्लिपर घालून.

दुसऱ्या दिवशी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून बेल्ट, दोन बुश आणि व्हॅक्यूमचा पाइप आणला. सगळं मिळून नऊशे चाळीस. पाइप घेताना पाण्याचा साधा पाइप गळ्यात मारून घेऊ नका, तो ओढीने आत चपटा होतो.

काढलेला जुना पार्ट सोबत घेतल्याशिवाय गॅरेज सोडायचं नाही, हे तात्यांनी शंभरदा सांगितलं होतं. चार दिवसांनी माझा बूस्टर मागायला गेलो तर म्हणे भंगारात गेला. भंगारात कसला! काळा रंग लागून कुणाच्या तरी गाडीत ‘नवा’ बसला असेल.