नळी दिसेपर्यंत

मामा तमिळनाडूत अरियालूरला चुनखडीच्या खाणीवर नोकरीला होते. तिथून आणलेला एक वेटोळा दगड आमच्या कपाटात कित्येक वर्षं पडून होता. नारळाएवढा, मातकट पिवळा. आई त्याला शाळिग्राम म्हणायची. शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, समुद्रातल्या एका नामशेष प्राण्याचा दगड झालेला शंख, हे वाचलेलं, म्हणून मीही तसंच धरून चाललो होतो.

दिवाळीच्या साफसफाईत तो धुतला आणि अंगावरच्या रेघा उठून दिसल्या. अमोनाइटच्या कप्प्यांची शिवण, म्हणजे आतले पडदे शंखाला चिकटतात ती रेघ, वेलबुट्टीसारखी नागमोडी असते. ह्या रेघा साध्याच होत्या, हलका बाक असलेल्या. भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांकडे घेऊन गेलो. बराच वेळ भिंगातून बघून ते म्हणाले, "नॉटिलॉइड वाटतो. खात्री हवी तर कापावा लागेल. नळी कुठून गेलीय ते बघ."

नॉटिलॉइड हाही अमोनाइटसारखाच शंखात राहणारा समुद्री प्राणी. तो शंखाच्या शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात राहतो. मागचे कप्पे पडद्यांनी बंद असतात. त्या पडद्यांतून आरपार गेलेल्या नळीने तो नव्या कप्प्यातलं पाणी शोषून घेतो, जागी वायू येतो आणि एवढा जड शंख पाण्यात तरंगतो. अमोनाइटची नळी बाहेरच्या कडेलगत असते, अशा वेटोळ्या नॉटिलॉइडची बहुधा पडद्याच्या मध्याजवळ.

मार्बल कापणाऱ्याने आधीच सांगितलं, "भाऊ, फुटला तं मले काही म्हनू नका." फुटला नाही, पण पातं सरकलं आणि काप मध्यापासून तीन-चार मिलिमीटर बाजूला गेला. कप्पे दिसले, नळी नाही. फार वाईट वाटलं.

मग घरीच घासायला बसलो. जाड काच, त्यावर पाणी आणि २२० नंबरची कार्बोरंडम पावडर, दगड इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा. दर दहा मिनिटांनी धुऊन बघायचं. बोटांची सालं निघाली. पाचव्या संध्याकाळी एका पडद्यात बारीक खंड दिसला, कडा मागे वळलेल्या. मग शेजारच्या पडद्यात, मग त्याच्याही शेजारच्या. सगळे खंड मध्याजवळ, एका ओळीत. मी आईला हाक मारली.

नंतर ४००, ६००, १००० नंबरने पॉलिश केलं. आतले कप्पे कॅल्साइट या खनिजाच्या पांढऱ्या स्फटिकांनी भरलेत.

आपल्या नागपुरात टाकळीच्या खडकांच्या थरांतले शंख मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८५०च्या दशकात अभ्यासले, पण ते गोड्या पाण्यातले. हा क्रेटेशस काळातल्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या समुद्रातला. अमोनाइट ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. ह्याचे भाऊबंद, नॉटिलस, प्रशांत महासागरात आजही पोहतात.

मी सगळ्यात जास्त बघतो तो राहता कप्पा. तिथे स्फटिक नाहीत, प्राणी गेल्यावर आत शिरलेला गाळ आहे, दगड झालेला. त्यात एका शिंपल्याची नखाएवढी कोर अडकलीय.