पाळीची पोटदुखी आणि पर्वतीच्या पायऱ्या

सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करायची म्हणजे कॉट, मेस आणि अभ्यासिका. दिवसाचे दहा-दहा तास खुर्चीत. त्यात पाळीचा पहिला दिवस माझा हमखास वाया जायचा. ओटीपोटात कळा, कंबर धरलेली, मांड्या भरून आलेल्या, कधीकधी उलटीही. आईला फोन केला की तिचं एकच, "एक मूल झालं की थांबतं गं." त्याआधी माझी पूर्व परीक्षा आहे, त्याचं काय?

शेवटी रूममेटने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलंच. डॉक्टरबाईंनी आधी नुसते प्रश्न विचारले. दुखणं कधी सुरू होतं, किती दिवस राहतं, पाळी नसतानाही दुखतं का, पॅड किती बदलावे लागतात, वर्षागणिक वाढतंय का. मग पोटावरून सोनोग्राफी. त्यासाठी लघवी तुंबवून बसावं लागतं. बाटलीभर पाणी पिऊन मी बाकावर पाय आवळून बसले होते आणि आतला नंबर काही पुढे सरकेना. त्या अर्ध्या तासापुढे पाळी परवडली! रिपोर्ट नॉर्मल आला. तरी डॉक्टर म्हणाल्या, "सोनोग्राफीत एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) दरवेळी दिसतोच असं नाही. गोळीने थांबेना किंवा एरवीही दुखायला लागलं, तर लगेच ये."

माझं दुखणं मात्र साधं निघालं. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती जास्त झाली की गर्भाशय जोरात आवळतं, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळ येते. मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी गोळी ही रसायनं बनणंच कमी करते, म्हणून ती दुखणं सुरू होताच घ्यायची, गडाबडा लोळायची वेळ येईपर्यंत थांबायचं नाही. आणि जेवून घ्यायची. याच औषधाच्या एका दुर्मीळ पण गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल 2023 मध्ये सरकारी इशाराही निघाला होता, तेव्हा मेडिकलमधून मनानेच पाकीट आणणं मी बंद केलं.

गोळीच्या चिठ्ठीखालीच त्यांनी लिहिलं होतं: व्यायाम, आठवड्यातून किमान तीन दिवस, पाऊण ते एक तास. मला वाटलं, सगळ्यांनाच सांगतात तसं सांगितलं असेल. पण आकडे बघायची सवय जडलेली, म्हणून शोधलं. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी कोक्रेन नावाची संस्था आहे. तिचा 2019 चा आढावा आहे, 12 चाचण्या, 854 मुली-बायका. काहीच उपचार न करणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं शंभराच्या मापावर साधारण 25 ने कमी. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्यातच स्पष्ट लिहिलंय. हळू योगासनं की दमवणारा व्यायाम, यात डावं-उजवं करण्याइतकी माहिती नाही. मला ते सोयीचंच होतं. जिमची फी परवडणार नव्हती.

रूममेट पोलीस भरतीवाली. तिला 800 मीटर धावायची तयारी करायची होती, मला नुसतं चालायचं होतं. सकाळी तिच्याबरोबर निघायचं, झपाझप चालत पर्वती गाठायची, 103 पायऱ्या चढायच्या-उतरायच्या, दम असेल तर पुन्हा. खोलीवर आल्यावर दोन कॉटच्या मधे चटई टाकून मार्जारासन, भुजंगासन, बालासन. चटई पुरती उलगडतही नाही तिथे. मार्जारासनात पाठ वर उचलली की डोकं लोखंडी कॉटला लागायचं.

पुढच्याच पाळीला काडीचाही फरक नव्हता. खूप चिडले. डॉक्टरांनी "दोन-तीन महिने दे" म्हटलं होतं, म्हणून रेटत राहिले. मग हळूहळू जाणवलं की कळ येते, पण आडवं पडावं लागत नाही. उलटी थांबली. गोळी लागते अजून, पण बहुतेकदा एकीवर भागतं. टेस्ट सिरीजच्या काळात चालणं सुटलं, तेव्हा पुढची पाळी पुन्हा जुन्या वळणावर गेली. हा पुरावा माझ्यापुरता कोक्रेनपेक्षा मोठा.

मेसच्या काकू म्हणतात, "त्या दिवसांत उड्या मारू नयेत, गर्भाशय सरकतं." काकू, असं काही होत नाही. रूममेट ऐन पाळीत मैदानावर सराव करते. मी मात्र पहिल्या दिवशी पायऱ्यांच्या वाटेला जात नाही. टिळक रोडने हळू फेरी, पोटावर गरम पाण्याची पिशवी आणि बालासन, बस्स.

कॅलेंडर बघता पाळी नेमकी पूर्व परीक्षेच्या दिवशीच येणारसं दिसतंय. मैत्रिणी म्हणतात, पुढे ढकलायची गोळी घे. मी नाही घेणार. नेहमीची गोळी सकाळी नाश्ता करून किती वाजता घ्यायची, ते विचारून हॉलतिकिटाच्या झेरॉक्सवर लिहून ठेवलंय.