लाइट गेलीच नव्हती

एका शाळेत चित्रपट दाखवला, तर सगळ्यात मोठी टाळी कुठे पडली? चित्रपटात लाइट जाते तिथे. शिट्ट्यासुद्धा. आणि संपूर्ण चित्रपटात धडधडीत खोटं काही असेल तर तेच. तीन आठवडे झाले, ती टाळी डोक्यातून जात नाही.

मी सबटायटल लिहिते. लोकांना वाटतं हे भाषांतर. भाषांतर निम्मं, बाकी कात्री. पडद्यावरचा माणूस तीन सेकंद बोलणार, तेवढ्यात मुलाचं वाचून व्हायला हवं आणि चित्राकडे बघायलाही वेळ उरायला हवा. त्यात आमच्या सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नाही. ‘स्त्री’ हे आपण एका दमात वाचतो. ते तिथे सहा अक्षरं मोजतं आणि ओळ लाल करतं. अख्खा दिवस त्या लाल रंगाशी भांडण्यात जातो. बनवणाऱ्यांना कोणीतरी बाराखडी शिकवा.

काम आलं ते ‘द डिश’चं. रॉब सिचचा 2000 सालचा ऑस्ट्रेलियन विनोदी चित्रपट. न्यू साउथ वेल्समधलं पार्क्स हे छोटं गाव, गावाबाहेर मेंढ्यांच्या कुरणात उभी 64 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण, आणि जुलै 1969. अपोलो 11ची माणसं चंद्रावर उतरणार, त्यांचं चित्र जगाला दाखवायची जबाबदारी या कुरणावर. गावचे महापौर हरखलेले. शास्त्रज्ञ दुर्बिणीच्या कटोऱ्यात क्रिकेट खेळतात. अमेरिकी राजदूताच्या स्वागताला बँडवाले अमेरिकेचं राष्ट्रगीत म्हणून ‘हवाई फाइव्ह-ओ’ या टीव्ही मालिकेची धून वाजवतात आणि सगळे गंभीर चेहऱ्याने उभे. इथे खाली काय लिहायचं? तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, कंसात खुलासा टाका. मी नाही टाकला. विनोद समजावून सांगायचा तर तो न केलेला बरा.

खरं अडलं ते नावापाशीच. डिश म्हणजे आपल्याकडे एक तर भेळ, नाहीतर गच्चीवरची छत्री. दोन दिवस घालवून ‘तबकडी’वर आले. जुना, गोल, तोंडात बसणारा शब्द. मी खूश होते.

कार्यक्रम जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत होता, खोडदपासून जवळ. भर पावसाळा, हॉलच्या पत्र्यावर इतका आवाज की इंग्रजी संवाद कोणाला ऐकूच येत नव्हते. म्हणजे पोरं फक्त माझ्या ओळींवर चित्रपट बघत होती. पहिली ‘तबकडी’ आली आणि मागून आवाज आला, “एलियन!” हॉल हसला. दुसऱ्यांदा आली, पुन्हा हसला. तबकडी म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे उडती तबकडी. माझ्या दोन दिवसांच्या मेहनतीचं दहा मिनिटांत हसं झालं. शेजारची मुलगी कानाशी येऊन म्हणाली, “मॅडम, ती अँटेना आहे. आमच्याकडे पण आहेत.”

आहेतच की. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस, प्रत्येकी 45 मीटरच्या. या मुलांच्या शाळेच्या वाटेवर त्या दिसतात, 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती आत जाऊन बघून येतात. मी कल्याणची, घरात बसून त्यांच्यासाठी शब्द शोधत होते. आता कल्याणचंच निघालं म्हणून सांगते. जीएमआरटी उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांनी 1965 साली आमच्या कल्याणजवळ सहा-सहा फुटांच्या 32 अँटेना लावल्या होत्या. त्या दिल्या होत्या सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञान संस्थेने. पार्क्सची दुर्बीण त्याच संस्थेची. कल्याणमध्ये हे कोणाला सांगितलं तर विचारतात, कुठे, पूर्वेला की पश्चिमेला?

तर लाइट. चित्रपटात पार्क्सची वीज जाते. जनरेटर सुरू होतो आणि बसतो, कारण डिझेलची नळी नीट भरून घ्यायची राहिलेली असते. मी तिथे लिहिलं होतं, “एअर धरली!” तपासणाऱ्या बाईंनी “इंधनपुरवठ्यात अडथळा” केलं होतं, मी परत “एअर धरली” केलं. त्याआधीच्या “वीजपुरवठा खंडित झाला”चं “लाइट गेली!” केलं, तेव्हाही तीन फोन झाले होते. कॉम्प्युटरमधले आकडे पुसले जातात, यान आकाशात कुठे आहे तेच कळेना, ही मंडळी नासाशी थापा मारतात, राजदूताला खोटा आवाज ऐकवतात. विहिरीवरच्या इंजिनाशी झटापट करणाऱ्यांची मुलं ती. त्या दोन ओळींवर हॉल डोक्यावर घेतला त्यांनी. माझ्या धंद्यात टाळी मिळत नाही, ती मला मिळाली.

पण असं काही घडलंच नव्हतं. पार्क्समध्ये त्या वेळी ना लाइट गेली, ना यान हरवलं. शाळेतले विज्ञानाचे सर मला आधीच फोनवर म्हणाले होते, “मॅडम, तेवढी एक ओळ टाका की खाली, प्रसंग काल्पनिक म्हणून.”

“सर, जे पडद्यावर कोणी बोलत नाही ते मी लिहीत नाही.”

“मग पोरं खरं समजतील.”

“ते तुम्ही नंतर सांगा.”

बोलले आणि फोन ठेवला. नियम बरोबरच आहे. आज मात्र वाटतं, मी तो जरा जास्तच ताठ मानेने सांगितला.

सरांनी खरंच नंतर सांगितलं. चित्रपटात वाऱ्याचा प्रसंग आहे, तो मात्र खरा. चंद्र उगवण्याची वाट बघत दुर्बीण शक्य तितकी खाली झुकवून ठेवलेली, आणि ताशी 110 किलोमीटरचे दोन झोत तिच्यावर आदळले. सुरक्षिततेची मर्यादा केव्हाच ओलांडली होती, तरी संचालक जॉन बोल्टन यांनी काम थांबवलं नाही. हे ऐकताना हॉलमध्ये चिडीचूप. मग एक पोरगा उठला. “सर, आपल्या अँटेनाला जाळी हाये. वारा आरपार जातो.” सर इतके खूश झाले की वाऱ्याचा दाब आणि जाळी यांवर पाच मिनिटं फळ्याशिवाय बोलले.

आणि त्याच भरात पुढचंही सांगून टाकलं. आर्मस्ट्राँग शिडी उतरला तेव्हा चंद्र पार्क्सच्या दुर्बिणीच्या मुख्य टप्प्यात आलाच नव्हता. आपल्याकडे सकाळचे 8 वाजून 26 मिनिटं झाली होती. ते पहिलं पाऊल जगाने पाहिलं ते कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीक केंद्रातून, तिथल्या 26 मीटरच्या अँटेनातून. प्रक्षेपण सुरू झाल्यापासून जवळजवळ नऊ मिनिटांनी पार्क्सचं चित्र आलं, ते इतकं स्वच्छ होतं की पुढचे दोनेक तास नासाने तेच ठेवलं.

मघाशी “अँटेना आहे” म्हणणारी मुलगी माझ्याकडे वळली. “म्हणजे पहिलं पाऊल दुसऱ्याच गावाचं?”

मी हो म्हटलं.

“मग त्यांच्यावर पिक्चर नाही?”

यावर मला काही सुचलं नाही. सर पुढे निघून गेले होते, जाळीवरच. परत येताना एसटीत आळेफाट्यापर्यंत मी मनात उत्तरं जुळवत होते. ज्या गावाची लाइट गेली त्याचा पिक्चर होतो, असं काहीतरी. पण तीही गेली नव्हती.

परवा फोन आला, आणखी दोन शाळांना दाखवायचाय, फाइल पाठवा. बसून सगळ्या ‘तबकड्या’ काढल्या, ‘अँटेना’ केल्या. त्याने पुन्हा सतरा ओळी लाल झाल्या, त्या सरळ केल्या. “एअर धरली” तसंच ठेवलं. शेवटी श्रेयनामावली सुरू होते तिथे चार सेकंदांची एक मोकळी चौकट आखून ठेवली आहे. आत अजून काही लिहिलेलं नाही. फाइल उद्या सकाळी द्यायची आहे.