हर्शीच्या बाजारात पुढच्या ब्रेकचे पार्ट शोधताना

पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी गावी 1955 पासून ऑक्टोबरच्या सुरुवातीला जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकाचा हा मेळा, आणि त्यातला खरा खजिना म्हणजे स्पेअर पार्टचा जुना बाजार. न्यू जर्सीतल्या मराठी गाडीवेड्यांना तो फार लांब नाही: एडिसनहून आय-78 धरून पश्चिमेकडे निघालं की अडीच तासांत पोहोचता येतं. बाजार हजारो जागांचा आहे, एका दिवसात संपत नाही. मैदानांना रंगांची नावं आहेत. चॉकलेट मैदान, ऑरेंज मैदान अशी. पार्ट आवडला की मैदान आणि रांग लगेच लिहून ठेवावी, नाहीतर तो विक्रेता पुन्हा सापडत नाही.

इथे सर्वांत जास्त चुका पुढच्या ब्रेकमध्ये होतात, कारण ग्राहक नुसतं साल सांगतो. फोर्डची ‘65 ची मस्टँग’ म्हटल्यावर तीन वेगळे ब्रेक निघू शकतात. सहा सिलेंडरच्या गाडीला 9 इंची ड्रम आणि चार बोल्टचं चाक, व्ही-8 ला 10 इंची ड्रम आणि पाच बोल्ट, आणि व्ही-8 वर जादा पैसे भरून घेतलेली केल्सी-हेज कंपनीची चार पिस्टनची डिस्क. व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) पाचवं अक्षर इंजिन सांगतं: 1965 ला टी म्हणजे 200 घनइंचाचं सहा सिलेंडर, सी किंवा ए म्हणजे 289 चं व्ही-8. डिस्क होती की नाही, हे मात्र व्हीआयएन सांगत नाही. शिवाय साठ वर्षांत कुणीतरी सहा सिलेंडरच्या गाडीत व्ही-8 बसवलेलं असतं आणि पुढचे ब्रेक तसेच सोडलेले असतात. म्हणून घरून निघण्याआधी चाक काढा, बोल्ट मोजा, ड्रमचा आतला व्यास आणि लायनरची (शूवरच्या घासणाऱ्या थराची) रुंदी व्हर्नियरने घ्या, दोन्ही बेअरिंगचे नंबर लिहा, फोटो काढा. खरेदी या मापांवर करा.

फोर्डच्या पार्टवरचा नंबर वाचायला शिकणं सोपं आहे. सी म्हणजे साठचं दशक, डी म्हणजे सत्तरचं. पुढचा आकडा साल. त्यापुढचं अक्षर गाडी: झेड मस्टँग, ओ फेअरलेन, डी फाल्कन, ए मोठ्या गाड्या. मधला नंबर पार्टचा प्रकार सांगतो. 3105 आणि 3106 म्हणजे उजवा आणि डावा स्पिंडल, म्हणजेच आपल्याकडचा स्टब एक्सल. कंपनीची अस्सल डिस्क ड्रमच्या स्पिंडलवर बसत नाही, त्यामुळे 1965-67 चे सुटे कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. स्पिंडल, ब्रॅकेट, रोटर (फिरणारी डिस्क) आणि धूळपत्र्यासकट पूर्ण संच घ्या. 1968 पासून मस्टँगला एका पिस्टनचा सरकता कॅलिपर आला. तो आणि आधीचा एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

केल्सी-हेजचे चार पिस्टनवाले कॅलिपर टेबलावर सारखेच दिसतात. मस्टँगचे पिस्टन 1⅝ इंची, थंडरबर्ड आणि लिंकनचे 1¹⁵⁄₁₆ इंची. तिथेच मोजा. 1965-82 च्या शेवरले कॉर्व्हेटलाही तीच काळजी: पुढचे पिस्टन 1⅞ इंची, मागचे 1⅜ इंची, आणि मागचे ‘पुढचे’ म्हणून सर्रास विकायला ठेवलेले असतात. पिस्टन बाहेर काढलेला असेल तर बोअरमध्ये, म्हणजे पिस्टनच्या भोकात, टॉर्च मारा. सील जिथे घासतं तिथे गंजाचे खड्डे नखाला लागले, तर स्टेनलेस स्लीव्ह घालण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच भाव बोला.

कॅलिपर डावा-उजवा बघताना ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढायचं निपल, पाहा. गाडीवर बसल्यावर ते वरच यायला हवं. बाजू उलटी झाली तर निपल खाली जातं, वरची हवा कधीच निघत नाही आणि पेडल स्पंजासारखं राहतं. मग लोक विनाकारण मास्टर सिलेंडर (पेडलने ब्रेक ऑइल दाबणारा भाग) बदलतात. 1967 पासूनच्या दुहेरी मास्टरमध्ये ड्रमचा, सुमारे 10 पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह डिस्कच्या बाजूला राहिला, तर पॅड घासत राहून चाक तापतं.

ड्रमच्या शूंमध्ये आखूड लायनरचा शू पुढे, लांब लायनरचा मागे. ॲडजस्टरला (शू आणि ड्रममधलं अंतर राखणाऱ्या स्क्रूला) गाडीच्या एका बाजूला सुलटे, दुसऱ्या बाजूला उलटे आटे असतात. अदलाबदल झाली तर गाडी मागे घेताना ब्रेक घट्ट होण्याऐवजी सैल होत जातो. 10 इंची ड्रम लेथवर घेण्याची नेहमीची मर्यादा 10.060 इंच. त्यावर गेलेला ड्रम कितीही स्वच्छ दिसला तरी नको. क्रायस्लरच्या गाड्यांना 1970 पर्यंत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. बोल्टवर ‘एल’ दिसला तर नट उलटा फिरवा, अन्यथा बोल्ट तुटेल.

होस पाईप, सील आणि व्हील सिलेंडरचे रबर डबाबंद असले तरी जुने घेऊ नका. रबर पडून पडूनही कडक होतं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि ढकलगाडी न्यायला विसरू नका: बिडाचे दोन कॅलिपर आणि दोन ड्रम हातात घेऊन पार्किंगपर्यंत चालणं फार जड जातं.